विश्लेषण : गिरगावात राहायला जायचे, तर नेमके काय विकत मिळते?

चालत गाठता येईल अशी चौपाटी, हाकेच्या अंतरावर नाट्यगृह, शंभरी ओलांडलेले गणेशोत्सव आणि आता स्वतःचे मेट्रो स्थानक. दक्षिण मुंबईतील गिरगाव सोडून दोन पिढ्या उपनगरांत गेल्या. आज काही कुटुंबांना परतायचे आहे, काहींना नव्याने यायचे आहे. परंतु इथे ‘घर’ या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळे कायदेशीर हक्क विकले, हस्तांतरित केले किंवा भाड्याने दिले जातात. त्यांतला कोणता हक्क आपल्याला मिळतो आहे, हे न समजता टाकलेले पाऊल आयुष्यभराची पुंजी अडकवू शकते. शिवाय नव्याने येणाऱ्याचा हक्क आणि तिथेच राहू पाहणाऱ्या जुन्या भाडेकरूचा हक्क एकाच इमारतीत एकमेकांना भिडतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ घरखरेदीचा राहत नाही.

गिरगावचे वेगळेपण कशात?

एका अंगाला मलबार हिलचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला बॅक बेचा समुद्र, अशा पट्टीत गिरगाव वसले. डोंगराजवळचे, म्हणजे ‘गिरी’जवळचे गाव, अशी नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट ही नावे इथल्या जुन्या बागा आणि शेतांची आठवण देतात. मुंबईची वस्ती कोटाबाहेर पसरू लागली तशा या वाड्यांमध्ये चाळी उभ्या राहिल्या. पाठारे प्रभू, सारस्वत, कोकणातून नोकरीसाठी आलेली कुटुंबे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि गुजराती असे अनेक समाज इथे शेजारी झाले.

केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३मध्ये सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव मुंबईतील पहिला मानला जातो. लोकमान्य टिळकांवर १९२०मध्ये अंत्यसंस्कार झाले ते गिरगाव चौपाटीवर. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला, तर भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५पासून कार्यरत आहे. ही यादी अभिमानाची आहेच. मात्र घर शोधणाऱ्याने त्यातून एक व्यावहारिक अर्थही काढायला हवा. इथला बराचसा बांधकामसाठा स्वातंत्र्यापूर्वीचा आहे आणि त्यावर लागू होणारे कायदेही त्या काळात रुजलेले आहेत.

माणसे का गेली?

जनगणनेचे आकडे स्पष्ट आहेत. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१मध्ये सुमारे ३३.४ लाख होती, ती २०११मध्ये ३०.९ लाखांवर आली. याच दशकात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. गिरगावच्या चाळीतील १०-१२ फुटी खोलीत दोन भावांचे संसार मावेनासे झाले, की एकाने डोंबिवली, ठाणे, बोरिवली किंवा विरार गाठायचे, हा अनेक घरांचा अनुभव. गेलेल्या भावाला स्वतःच्या नावावर मोठे घर मिळाले. राहिलेल्या भावाला सामाईक शौचालय, लाकडी जिना आणि नाममात्र भाड्याची पावती मिळाली. आज त्या पावतीचे मोल उपनगरातील घरापेक्षा जास्त असू शकते. दोघांच्या मुलांमध्ये वाद पेटतो तो इथेच.

आता ओढा कशामुळे?

भुयारी मेट्रो ३ ही ३३.५ किलोमीटरची, २७ स्थानकांची मार्गिका ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. काळबादेवी, गिरगाव आणि ग्रँट रोड ही तिची स्थानके एकमेकांना लागून आहेत. वांद्रे-कुर्ला संकुल आणि विमानतळ थेट जोडले गेले. मरिन ड्राइव्हवरून वरळीकडे जाणारा १०.५८ किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याचे जुळे बोगदे याच परिसराच्या भूगर्भातून मलबार हिलखाली जातात. नोकरी उपनगरात सरकल्यामुळे गिरगाव सोडणाऱ्यांचे एक कारण होते ते प्रवासाचे, आणि ते बरेचसे कमी झाले आहे. त्याच वेळी चाळींच्या जागी उंच इमारती येऊ लागल्याने विकाऊ घरेही उपलब्ध होत आहेत.

इथे ‘घर’ किती प्रकारचे असते?

ढोबळमानाने पाच प्रकारचे. पहिला, जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतील मालकी हक्काची सदनिका. दुसरा, पुनर्विकसित इमारतीतील विक्रीसाठीचे नवे घर. तिसरा, पुनर्विकासानंतर जुन्या भाडेकरूला मालकी हक्काने मिळालेले आणि त्याने विकायला काढलेले पुनर्वसनाचे घर. चौथा, पागडीची खोली. पाचवा, लिव्ह अँड लायसन्स कराराने ठरावीक मुदतीसाठी घेतलेली जागा. पहिल्या तिन्हींत मालकी मिळते. चौथ्यात संरक्षित भाडेहक्क मिळतो, मालकी नाही. पाचव्यात केवळ वापराची परवानगी. जाहिरातीत मात्र अनेकदा ‘चौपाटीजवळ घर’ एवढेच लिहिलेले असते. पागडीच्या खोलीची किंमत त्याच भागातील मालकीच्या घरापेक्षा कमी दिसते ती याच फरकामुळे.

पागडी म्हणजे नेमके काय?

मुळाशी आहे १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. युद्धकाळातील टंचाईत भाडी भडकू नयेत म्हणून प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधले गेले. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढींवर अर्धशतक टिकला. भाडे गोठले, जागेची किंमत वाढत गेली. मग मालक भाडेकरू ठेवताना आणि भाडेकरू जागा सोडताना एकरकमी पैसे घेऊ लागले. तीच पागडी. कायद्याने ती गुन्हा होती, व्यवहारात ती रूढ होती.

गोठवलेली भाडी आता अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६ने भाडेहक्क देताना, हस्तांतरित करताना किंवा सोडताना अशी रक्कम घेणे वैध केले. कलम ११ने भाड्यात दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मुळात भाडे अत्यल्प असल्याने वाढही अत्यल्पच. समजा भाडे महिना २०० रुपये असेल, तर दरसाल चार टक्क्यांनी वाढूनही २५ वर्षांनी ते ५३३ रुपयांच्या आसपास पोहोचते. एवढ्या पैशांत मालक इमारत दुरुस्त करणार नाही आणि भाडेकरू दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च करणार नाही. चाळी खचल्या त्या या कोंडीत.

पागडीची खोली घेताना काय तपासावे?

सर्वांत आधी मालकाची संमती. भाडेकरूने एकट्याने हक्क विकता येत नाही. मालकाची लेखी संमती, नोंदणीकृत करार आणि नव्या भाडेकरूच्या नावाची भाडेपावती, या तिन्हींशिवाय व्यवहार अपुरा आहे. प्रथेनुसार हस्तांतराच्या रकमेतील साधारण एक तृतीयांश हिस्सा मालक घेतो. हा हिस्सा कायद्यात ठरवलेला नाही, तो वाटाघाटीचा भाग आहे. रक्कम रोखीत देऊन कमी दाखवण्याचा आग्रह झाला, तर पुढे वाद उद्भवल्यास दिलेले पैसे सिद्ध करता येत नाहीत.

दुसरी बाब म्हणजे तारीख. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमांनुसार १३ जून १९९६नंतर निर्माण केलेला नवा भाडेहक्क पुनर्वसनासाठी मोजला जात नाही. जुना भाडेहक्क रीतसर हस्तांतरित झाला असेल तर अडचण नाही. पण एका खोलीचे अलीकडे दोन भाग पाडून दुसरी पावती फाडली असेल, तर त्या दुसऱ्या पावतीवर नवे घर मिळण्याची आशा धरता येत नाही. नेमकी अशीच जागा ‘पुनर्विकासात घर मिळेल’ असे सांगून विकली गेली, तर फसगत अटळ.

तिसरी बाब वारसाची. भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तसा कोणी नसेल तरच अन्य वारसाचा विचार होतो. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये जुन्या कायद्याच्या संदर्भात स्पष्ट केले होते. त्यामुळे ‘वडिलांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले आहे’ एवढ्या आधारावर खोली विकू पाहणाऱ्याकडून ती घेणे धोक्याचे. पावती कोणाच्या नावावर आहे, तो हयात आहे का, मृत्यूसमयी सोबत कोण राहत होते आणि इतर वारसांचे लेखी ना-हरकत आहे का, हे चारही प्रश्न विचारायलाच हवेत.

चौथी बाब बंद खोलीची. योग्य कारणाविना जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर त्या आधारावर मालक ती परत मागू शकतो. उपनगरात राहून गिरगावची खोली कुलूपबंद ठेवणाऱ्या अनेक कुटुंबांना ही तरतूद ठाऊक नसते. विकत घेणाऱ्याने मालकाचा दावा प्रलंबित आहे का, हे लघुवाद न्यायालयात पाहून घ्यावे. आणखी एक व्यावहारिक अडचण म्हणजे, मालकी हक्क नसल्याने अशा जागेसाठी बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत.

उपकरप्राप्त इमारत म्हणजे काय?

मोडकळीस आलेल्या चाळींची दुरुस्ती कोणी करायची, या प्रश्नावर राज्याने १९६९मध्ये काढलेले उत्तर म्हणजे दुरुस्ती उपकर. रहिवाशांकडून मालमत्ता कराबरोबर उपकर गोळा करायचा आणि दुरुस्ती मंडळाने इमारती सांभाळायच्या. हे मंडळ पुढे म्हाडाचा भाग झाले. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती ‘अ’ श्रेणीत, त्यानंतर १९५०च्या अखेरपर्यंतच्या ‘ब’मध्ये आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळातील ‘क’मध्ये मोडतात. योजना सुरू झाली तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. आजही त्यांतील तेरा-चौदा हजार उभ्या आहेत.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मंडळ अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. महापालिका उपकराबाहेरच्या इमारतींची वेगळी यादी काढते. घर घेणाऱ्याने या दोन्ही याद्या पाहणे सक्तीचे मानावे. हा केवळ कागदी सोपस्कार नव्हे. गिरगावपासून जवळच असलेल्या भेंडीबाजारात ३१ ऑगस्ट २०१७ रोजी हुसैनी इमारत कोसळून ३० हून अधिक जणांचा बळी गेला. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेत होती. योजना मंजूर असणे आणि माणसे सुरक्षित असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुनर्विकास कसा होतो?

विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) हे कलम एकेका उपकरप्राप्त इमारतीसाठी आहे. ‘अ’ श्रेणीत चटईक्षेत्र निर्देशांक तीन, किंवा रहिवाशांच्या पुनर्वसनाला लागणारे क्षेत्र अधिक ५० टक्के प्रोत्साहन, यांपैकी जे जास्त ते मिळते. पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागे, आता ५१ टक्के पुरते. निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने आणि विनामूल्य मिळते. मोठ्या जागांसाठी १,२९२ चौरस फुटांची कमाल मर्यादा आहे. ३३(९) हे कलम समूह पुनर्विकासाचे. शहर भागात त्यासाठी किमान चार हजार चौरस मीटर भूखंड लागतो. भेंडीबाजारचा साडेसोळा एकरांचा प्रकल्प याच प्रकारातला. गिरगावच्या अरुंद वाड्यांत एकेका चाळीचा स्वतंत्र टॉवर उभा राहिला तर रस्ता तेवढाच राहतो. समूह योजनेत रस्ता, मोकळी जागा आणि वाहनतळ यांचा एकत्र विचार होऊ शकतो. मात्र अनेक मालक आणि शेकडो भाडेकरूंना एकत्र आणणे सोपे नसते.

मालकच पुढे येत नसेल, तर काय? २०२२मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीने म्हाडा कायद्यात ‘७९-अ’ हे कलम आले. धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने, तो अपयशी ठरल्यास भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने आणि तरीही काही न झाल्यास म्हाडाने संपादन करून बांधकाम करायचे, असा हा क्रम आहे. इमारत धोकादायक कोणी आणि कशी ठरवायची, यावरून या तरतुदीच्या नोटिसा न्यायालयात गेल्या आहेत.

मालकांचा विरोधही जुनाच. भाडेकरूंच्या संस्थेसाठी इमारत संपादित करण्याची म्हाडा कायद्यातील तरतूद १९८६ची. तिला मालकांनी दिलेल्या आव्हानातून निघालेला प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संसाधने मानता येणार नाही, असा निकाल त्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिला. गिरगावसारख्या भागातील चाळींचा वाद राज्यघटनेच्या मूलभूत प्रश्नाला कसा जाऊन भिडतो, याचे हे उदाहरण.

नव्या टॉवरमध्ये घर घेणाऱ्याने काय पाहावे?

पुनर्विकसित इमारतीत बहुधा दोन घटक असतात. एक पुनर्वसनाचा, दुसरा विक्रीचा. विक्रीच्या घटकातील खरेदीदाराला महारेराचे संरक्षण असते. नोंदणी क्रमांक, बांधकाम पूर्ण करण्याची तारीख, प्रकल्पावरील कर्ज आणि दावे संकेतस्थळावर पाहता येतात. पण पुनर्वसनाच्या घरांची वाट पाहणारा जुना भाडेकरू महारेराच्या अर्थाने खरेदीदार ठरत नाही. त्याचा आधार म्हणजे विकासकाशी झालेला कायमस्वरूपी पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार. म्हणूनच पुनर्वसनाचे घर ‘बांधून होण्याआधीच’ विकत घेणाऱ्याने विशेष सावध असावे. त्याला विकणाऱ्याच्या करारातील हक्कांपेक्षा अधिक काही मिळत नाही.

नव्याने येणाऱ्याने आणखी एक चौकशी करावी. जुन्या रहिवाशांचे पर्यायी भाडे नियमित दिले जाते आहे का? हा प्रश्न केवळ माणुसकीचा नाही. भाडे थकवणारा विकासक हा बहुधा पैशांची चणचण असलेला विकासक असतो आणि असा प्रकल्प रखडला, तर विक्रीच्या घराचा ताबाही रखडतो. रहिवासी न्यायालयात गेले, तर भोगवटा प्रमाणपत्र लांबू शकते. जुन्या भाडेकरूंशी दहा मिनिटे बोलल्यावर जे कळते, ते गुळगुळीत माहितीपत्रकात सापडत नाही.

भाड्याने राहायचे असेल तर?

महानगरात नव्याने येणाऱ्यांसाठी हा पर्याय सर्वांत कमी जोखमीचा. वर्षभर राहून परिसर जोखता येतो. लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी प्रथमदर्शनी ग्राह्य धरल्या जातात. जागा देणारा स्वतःच पागडीचा भाडेकरू आहे का, हेही विचारावे. मालकाच्या संमतीविना त्याला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. तसे केल्यास त्याचा हक्क जाऊ शकतो आणि राहायला आलेल्याचे छप्परही.

समुद्र आणि वारसा यांचे नियम काय सांगतात?

समुद्राच्या भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सागरी नियमन क्षेत्रात येतो. चौपाटीलगतचा विकसित भाग त्यातील दुसऱ्या श्रेणीत मोडतो. तिथे अस्तित्वातील रस्त्याच्या जमिनीकडील बाजूसच बांधकाम करता येते. जानेवारी २०१९च्या अधिसूचनेने दुसऱ्या श्रेणीतील चटईक्षेत्रावरील जुनी बंधने सैल केली. त्यामुळे अडलेल्या प्रकल्पांना वाट मिळाली, तशी किनाऱ्यालगत उंच इमारतींनाही.

मुंबईने वारसा जतनाचे नियम १९९५मध्ये लागू केले. वारसा यादीतील इमारत किंवा परिसर असेल, तर बदलासाठी श्रेणीनुसार वारसा संवर्धन समितीची परवानगी लागते. खोताची वाडी हे गिरगावचे सर्वांत परिचित वारसास्थळ. लाकडी सज्जे आणि उतरत्या कौलांची एकेकाळी साठहून अधिक घरे असलेल्या या वाडीत आता निम्म्याहून कमी उरली आहेत. वारसा घर घेणे म्हणजे त्याची देखभाल अंगावर घेणे. खिडकी बदलायची तरी परवानगीचा विचार करावा लागतो आणि कौले, लाकूडकाम जाणणारे कारागीर शोधावे लागतात. जवळच्या मरिन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारती २०१८मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यामुळे या संपूर्ण किनाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली, पण देखभालीचा खर्च उचलणारी यंत्रणा त्या वेगाने उभी राहिली नाही.

रोजचे जगणे कसे असते?

चौपाटी रोजची असते, तशी अनंत चतुर्दशीही दरवर्षी येते. त्या दिवशी शहरभरातील मोठे गणपती गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी येतात आणि आसपासचे रस्ते दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहतात. गुढीपाडव्याची शोभायात्रा, नवरात्र, दहीहंडी आणि वाड्यांतले क्रिकेट यांचा आवाज खिडकीतून आत येतो. ज्याला हे हवे आहे त्याच्यासाठी गिरगावसारखी जागा नाही. ज्याला केवळ समुद्राचे दृश्य हवे आहे, त्याने आधी उत्सवाच्या आठवड्यात इथे येऊन पाहावे.

बाकी गोष्टी साध्या, पण महत्त्वाच्या. पाणी ठरावीक वेळेला येते, साठवण टाकी आणि पंप चालू आहेत का? जुन्या इमारतीत उद्वाहन नसते, घरातील वृद्धांना तिसरा मजला झेपेल का? अग्निशमन बंब वाडीच्या तोंडातून आत शिरू शकतो का? मोटार ठेवायची कुठे? खारी हवा लोखंड खाते, सज्जाच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत का? या प्रश्नांची उत्तरे भर पावसात जागा पाहिल्यास सर्वांत प्रामाणिक मिळतात.

जुन्या रहिवाशांचे काय?

गिरगावच्या बदलाचा खरा कस इथे लागतो. नियमांनुसार भाडेकरूला विनामूल्य घर मिळते हे खरे. पण करार आणि ताबा यांच्यामध्ये अनेक वर्षे जातात. त्या काळात वृद्धांना संक्रमण शिबिरात किंवा दूरच्या भाड्याच्या घरात राहावे लागते. ज्यांच्या इमारती पुन्हा बांधता आल्या नाहीत अशांची नावे म्हाडाच्या बृहद्सूचीत वर्षानुवर्षे राहतात. परत आलेल्याला नवा प्रश्न भेटतो तो देखभाल शुल्काचा. उद्वाहन, पंप, सुरक्षारक्षक आणि अग्निसुरक्षा यांचा खर्च ३०० फुटांच्या घरालाही चुकत नाही. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत मालमत्ता कर माफ आहे, परंतु इमारतीच्या देखभालीला अशी माफी नाही. निवृत्तिवेतनावर जगणारे जोडपे चाळीत शेकडा रुपयांत राहत होते. टॉवरमध्ये त्यांना दरमहा हजारो रुपये मोजावे लागले, तर मिळालेले घर विकून पुन्हा उपनगर गाठावे लागते. कागदावर पुनर्वसन झालेले असते, प्रत्यक्षात विस्थापन.

मेट्रो ३साठी गिरगाव-काळबादेवीतील इमारती पाडाव्या लागल्या, तेव्हा रहिवाशांनी त्याच परिसरात घरे देण्याचा आग्रह धरला आणि मेट्रो प्रशासनाने तिथेच पुनर्वसनाचे धोरण स्वीकारले. जागच्या जागी पुनर्वसन अशक्य असते, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. इच्छा असली तर नियम सापडतात.

पुढे काय व्हायला हवे?

चार गोष्टी सरकारला करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक उपकरप्राप्त इमारतीतील पात्र रहिवाशांची प्रमाणित यादी, तिची धोक्याची श्रेणी आणि पुनर्विकासाची सद्य:स्थिती एकाच ठिकाणी सर्वांना पाहता यावी. त्यामुळे खोट्या पावत्यांचा बाजार आपोआप आटेल. पर्यायी भाडे थकवणाऱ्या विकासकाला त्याच प्रकल्पात पुढील परवानग्या मिळू नयेत. पुनर्वसनाच्या घरांच्या देखभालीसाठी विकासकाने ठेवायचा निधी किती वर्षे पुरेल याचा हिशेब करारातच असावा. आणि वाडीवाडीत सुटे टॉवर उभे करण्याऐवजी रस्ता, मैदान, पाणी यांचा विचार करणाऱ्या समूह योजनांना म्हाडाने स्वतः पुढाकार घेऊन बळ द्यावे.

मालकांचेही म्हणणे दुर्लक्षून चालणार नाही. अर्धशतक भाडे गोठवून सरकारने घरबांधणीतील आपली जबाबदारी त्यांच्या माथी मारली होती. त्यांना पुनर्विकासात वाजवी वाटा मिळाला, तर इमारत पडेपर्यंत वाट पाहण्यात त्यांचा फायदा उरणार नाही.

नव्याने येणाऱ्यांचे हितही यातच आहे. समुद्र मुंबईत अनेक ठिकाणी दिसतो. गिरगावात जास्तीचे पैसे मोजले जातात ते शाळा, नाट्यगृह, उत्सव, खाणावळी आणि ओळखीचा शेजार यांच्यासाठी, आणि हे सारे जुन्या रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवले आहे. ते इथून गेले, तर नव्या खरेदीदाराच्या हाती चढ्या दराचे चटईक्षेत्र उरेल. म्हणून गिरगावात घर पाहायला जाणाऱ्याने कागदपत्रांतील पहिला प्रश्न स्वतःच्या हक्काबद्दल विचारावा आणि दुसरा, त्याच इमारतीत आधीपासून राहणाऱ्यांच्या हक्काबद्दल. दुसऱ्याचे उत्तर समाधानकारक नसेल, तर पहिल्याचेही फार काळ समाधानकारक राहत नाही.